फुलदाणीत फुलं कशी ठेवावीत : ट्यूलिपपासून गुलछडीपर्यंत

कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मंडळातल्या दोन-तीन भगिनी आईला भेटायला आमच्या घरी आल्या होत्या. आईच्या खोलीतली फुलदाणी पाहून एकीने विचारलं, "तुमच्याकडे गुलछडी इतके दिवस कशी टिकते हो? आमची तर तिसऱ्या दिवशी मान टाकते." तेव्हा चहा होईपर्यंत जे सांगता आलं ते सांगितलं. नंतर आणखी काहींनी फोन करून तेच विचारलं. मग मंडळाच्या संकेतस्थळाचं काम पाहणारी मुलं म्हणाली, "काका, एकदा लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, आम्ही फुलांचे जाणकार नाही. आम्ही म्हणजे घरातले आम्ही दोघं नवरा-बायको. एकाचं आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली पाहण्यात गेलं आणि बी.कॉम.च्या अभ्यासात वनस्पतिशास्त्र नव्हतं. दुसरीने घर सांभाळलं, पण फुलं म्हणजे देवाला वाहायची आणि वेणीत माळायची, एवढीच तिचीही ओळख होती. फुलदाणी घरात होती, ती शोकेसमध्ये. कुणाच्या तरी लग्नात आलेली, काचेची, आत धूळ.

ती बाहेर निघाली आईमुळे. आईचं वय आता ८८. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती पलंगावर आहे. तिचं माहेर किनवटचं. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. लहानपणी तिच्या लेखी माहेर-सासरच्या गावांचा जिल्हा एकच, आणि लग्नानंतर बघता बघता मधे दोन राज्यांची सीमा आली. किनवटहून येताना तिने गुलछडीचे कंद आणले होते. तेच वाढत वाढत आमच्या परसात दोन वाफे झाले. ती त्या फुलाला अजूनही कधी गुलछडी म्हणते, कधी गुलशब्बो. निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेल्या माणसांचा हा शब्द. पुस्तकातलं निशिगंध तिला ठाऊक आहे, पण ते नाव तिच्या तोंडात बसत नाही.

पलंगावरून परस दिसत नाही. खिडकीबाहेर शेजारच्या घराची भिंत. रोज सकाळी ती विचारायची, "आज किती छड्या फुलल्या?" आम्ही सांगायचो सात, आठ. एक दिवस म्हणाली, "तुम्ही मोजून येता, मला काय त्याचं? एक इकडे आणा की." त्या दिवसापासून फुलदाणी सुरू झाली.

पहिले दोन महिने आम्ही सगळं चुकीचं केलं. दुपारी वेळ मिळेल तेव्हा छडी तोडायची, हातानेच मोडायची, पानांसकट पाण्यात खुपसायची, आणि पाणी कमी झालं की वरून ओतायचं. चौथ्या दिवशी दांडा बुळबुळीत, पाणी गढूळ, आणि खोलीत एक घाण वास. आम्हाला तो आधी कळायचा नाही. अंथरुणावरच्या माणसाला नाक आणि डोळे यांशिवाय दुसरं काय उरतं? आई आमच्या आधी सांगायची, "पाणी नासलं." आणि नासलेलं पाणी बदलायला कुणीतरी मोकळं होईपर्यंत ती त्या वासात पडून असायची. ही गोष्ट आमच्या मनाला लागली. तिच्यासाठी म्हणून ठेवलेल्या वस्तूचा तिलाच त्रास.

खरं शिकायला मिळालं ते ट्यूलिपमुळे. गेल्या फेब्रुवारीत, नागोबाच्या जत्रेनंतर थोड्याच दिवसांनी, नात हैदराबादहून आली. ती तिथे नोकरी करते. आजीला फुलं आवडतात म्हणून तिने हौसेने दहा ट्यूलिप आणले, जांभळे आणि पिवळे. रात्रीची बस, तीनशे किलोमीटरच्या वर प्रवास, मग गुडिहतनूरला उतरून इकडची गाडी. घरी पोचेपर्यंत सगळ्या फुलांच्या माना लटकलेल्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या वऱ्हाडासारख्या. आईने एक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर कांद्याची पात!" नातीचा चेहरा उतरला. पण आईचं फारसं चुकलं नव्हतं. ट्यूलिपचा कंद दिसायला कांद्यासारखाच असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या भागात दुष्काळ पडला, तेव्हा लोकांनी ते कंद खाऊन दिवस काढले होते.

नातीने मोबाइलवर शोधून उपाय केला आणि आम्ही बाजूला उभं राहून पाहिलं. प्रत्येक दांड्याचं टोक तिने साधारण एक इंच कापलं. मग सगळी फुलं एकत्र धरून वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळली, फुलं कागदाच्या आत आणि दांड्यांची टोकं बाहेर. ती गुंडाळी थंड पाण्याच्या उंच डब्यात उभी करून कोठीच्या अंधारात ठेवली. तीन तासांनी कागद सोडला तर माना सरळ! आई म्हणाली, "दवाखान्यातून आल्यासारखी दिसतात." यात जादू काही नाही. प्रवासात दांड्यातलं पाणी उडून गेलं होतं. ताजा काप मिळाल्यावर दांडा पुन्हा पाणी ओढू लागला, आणि तो पाण्याने भरत असताना कागदाने त्याला सरळ धरून ठेवलं. गुंडाळलं नसतं तर पाणी भरलं असतं, पण दांडे वाकडेच ताठ झाले असते.

पुढची गंमत तर आम्हाला माहीतच नव्हती. ट्यूलिप कापल्यावरही वाढतो. फुलदाणीत दोन-तीन दिवसांत दांडे बोट-दोन बोटं लांब झाले आणि सगळे खिडकीच्या उजेडाकडे वळले. रोज सकाळी फुलदाणी अर्धी फिरवायची, म्हणजे ते परत इकडे वळतात. दुपारी खोली तापली की पाकळ्या उघडत, रात्रीच्या गारव्यात मिटत. फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री अजून थंडी असते म्हणून ते सहा दिवस टिकले. एप्रिलमध्ये आणले असते तर दोन दिवसही निघाले नसते. ट्यूलिप मुळात थंड मुलखाचं फूल आहे. त्याच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे थंडी मिळावी लागते. आपल्या देशात त्याची मोठी बाग आहे ती श्रीनगरला, दल सरोवराजवळ. २००७ मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि मार्चअखेर ते एप्रिल एवढाच तिचा बहर. आपल्याकडच्या शहरांतल्या दुकानांत हिवाळ्यात जे ट्यूलिप दिसतात त्यांचे कंद बहुतेक हॉलंडहून आलेले असतात, म्हणून त्यांची किंमतही तशी. ज्यांना कुणी ट्यूलिप भेट देईल त्यांच्यासाठी एवढंच : थंड पाणी घाला, फुलदाणीत तीन-चार बोटंच पाणी ठेवा, साखरबिखर काही घालू नका, उन्हात ठेवू नका आणि रोज फिरवा. त्याच्या जोडीला नर्गिसची फुलं त्याच पाण्यात ठेवू नयेत. नर्गिसच्या दांड्यातून चिकट रस गळतो, तो ट्यूलिपला मानवत नाही.

बँकवाल्याला ट्यूलिप म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा चालला होता. जमिनीत पुरलेल्या, कुणी न पाहिलेल्या कंदांचे सौदे कागदावर व्हायचे, आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव एकदम कोसळले. आमच्या नोकरीत तारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करायची नाही असं पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. त्या लोकांना कुणी शिकवलं नसावं.

असो. ट्यूलिप सहा दिवसांत गेले, पण त्यांनी एक धडा दिला : फूल तोडल्यावर लगेच मरत नाही. ते जिवंत असतं, तहानलेलं असतं आणि त्याला जे लागतं ते मिळालं तर आपलं उरलेलं आयुष्य पुरतं जगतं. मग गुलछडीला तेच का मिळू नये?

दांड्यात बारीक नळ्या असतात. पाणी त्यांतूनच वर चढतं. झाडावर असताना मुळं पाणी पुरवतात, तोडल्यावर तो काप हेच मूळ. ते तोंड दोन कारणांनी बंद होतं. एक म्हणजे हवा. दांडा तोडून थोडा वेळ तसाच राहिला की नळ्यांत हवा शिरते आणि मागचं पाणी अडतं. सलाइनच्या नळीत बुडबुडा अडकावा तसं. दुसरं कारण जिवाणू. पाण्यात पानं कुजली की जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर कापाच्या तोंडावर बसतो. आमची गुलछडी पाण्यात उभी राहून तहानेने मरत होती, ती या दुसऱ्या कारणाने.

म्हणून आता आमची पद्धत अशी. छडी सकाळी लवकर तोडायची, ऊन चढायच्या आत. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. सकाळी जमलं नाही तर संध्याकाळी उशिरा, पण दुपारी कधीच नाही. हाताने मोडायची नाही, त्याने नळ्या चेमटतात. धारदार सुरी किंवा चांगली कात्री वापरायची, बोथट नको. वाफ्याकडे जाताना पाण्याची छोटी बादली बरोबर न्यायची आणि छडी तोडली की लगेच तिच्यात उभी करायची. घरात आणल्यावर पाण्यात बुडवूनच टोकाचा एक इंच पुन्हा कापायचा, म्हणजे नव्या कापात हवा शिरत नाही. काप तिरका द्यावा असं सगळे सांगतात. आम्हीही देतो, पण त्याचा मुख्य फायदा एवढाच की दांडा भांड्याच्या बुडाला सपाट टेकून तोंड बंद करत नाही. तिरक्या कापाने दुप्पट पाणी चढतं वगैरे काही नाही.

पाण्याच्या पातळीखाली एकही पान राहू द्यायचं नाही. सगळ्यात जास्त फरक पडतो तो यानेच, आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं तेही हेच. पानं फुलांबरोबर सुंदर दिसतात म्हणून ठेवावीशी वाटतात. ठेवा, पण पाण्याच्या वर.

पाणी रोज बदलायचं. वरून भर घालायची नाही, पूर्ण ओतून भांडं आतून घासून धुवायचं. दर दोन दिवसांनी दांड्याचं टोक अर्धा इंच कापायचं. फूलवाले पाण्यात टाकायला पूड देतात. तिच्यात तीन गोष्टी असतात : फुलाच्या पोटासाठी साखर, पाणी आंबट करायला एखादं आम्ल, कारण किंचित आंबट पाणी दांड्यातून सहज चढतं, आणि जिवाणू मारायचं औषध. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस. जिवाणूंसाठी काही लोक ब्लीचचे थेंब टाकतात. आम्ही आईच्या खोलीत ते वापरत नाही. त्याऐवजी पाणी रोज बदलतो. पण एक लक्षात ठेवावं, नुसती साखर टाकली आणि पाणी तीन दिवस तसंच ठेवलं तर साखरेवर आधी जिवाणूच पोसले जातात. साखर घालायची असेल तर रोज पाणी बदलायची तयारी हवी, नाहीतर साधं पाणी बरं.

तांब्या-पितळेच्या भांड्याबद्दलही विचारणा झाली. तांब्याने जिवाणू कमी होतात हे खरं आहे, आणि जुना तांब्या फुलांना शोभतोही छान. पण लिंबू घातलेलं पाणी तांब्या-पितळेत घालू नका. आंबटाने भांडं खाल्लं जातं. लिंबू-साखर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, तांब्यात साधं पाणी. पाण्यात नाणं टाकणं आणि ॲस्पिरिनची गोळी विरघळवणं हे दोन्ही आम्ही करून पाहिलं. आम्हाला काडीचा फरक दिसला नाही.

आता गुलछडीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या परसात ती आहे. बाजारात तेलुगू बायका तिला संपंगी म्हणतात किंवा सरळ लिली. हिचं मूळ मेक्सिकोचं. आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की कुणाला परदेशी वाटत नाही. दोन प्रकार असतात, एकेरी पाकळ्यांची आणि दुहेरी. एकेरीला वास जास्त, ती हार-वेण्यांना आणि अत्तराला जाते. दुहेरी, जिच्या कळ्यांवर गुलाबी छटा असते, ती छडी म्हणून ठेवायला. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या शृंगार, प्रज्वल या जाती एकेरी, सुवासिनी आणि वैभव दुहेरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनीही आहे. आईचे कंद यांतले कोणतेच नाहीत. तिची आपली किनवटची एकेरी, वास मात्र असा की संध्याकाळी अख्खं घर भरतं.

छडीवरची फुलं खालून वर उमलत जातात. तोडायची किंवा विकत घ्यायची वेळ म्हणजे तळाची एक-दोन फुलं उघडलेली आणि बाकी कळ्या फुगलेल्या असताना. सगळ्या कळ्या घट्ट हिरव्या असतील तर त्या घरात उमलायच्याच नाहीत. अर्धी छडी फुललेली असेल तर तिचे दिवस अर्धे झाले. घरी रोज सकाळी खालची सुकलेली फुलं अलगद खुडायची. ती तशीच राहिली तर वरच्या कळ्यांना मिळायचं ते मिळत नाही, आणि छडी म्हातारी दिसते. टोकाच्या अगदी बारीक चार-पाच कळ्या आम्ही पहिल्याच दिवशी खुडून टाकतो. त्या बहुधा उमलत नाहीत, आणि त्या काढल्या की खालच्यांना बळ मिळतं. साखरेचा उपयोग दिसतो तो इथेच. साध्या पाण्यात वरच्या कळ्या तशाच पिवळ्या पडून गळत, साखर घालायला लागल्यापासून त्यातल्या बऱ्याच उमलतात. एवढं सगळं केलं तर पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे एक छडी आठवडाभर राहते.

वासाचं मात्र पाहावं लागतं. गुलछडीचा वास अंधार पडल्यावर वाढतो. आजारी माणसाच्या उशाशी तीन छड्या म्हणजे रात्री डोकं दुखायला लागतं. आईनेच सांगितलं, "शब्बोला पायाकडे ठेव." आता दिवसा उशाशी, रात्री दाराजवळ.

बाकी फुलांचं थोडक्यात. शेवंती सगळ्यात सोशिक, दोन आठवडेही जाते. तिची पानं फुलाआधी पिवळी पडतात, ती काढत राहायची. जरबेऱ्याचा दांडा पोकळ आणि लवदार, जास्त पाण्यात लवकर कुजतो, म्हणून त्याला दोन-तीन बोटंच पाणी. ग्लॅडिओलस कधी आडवा ठेवू नये, त्याचा शेंडा वर वळतो आणि तसाच वाकडा राहतो. शिवाय त्याला फ्लोराइडचं पाणी सोसत नाही, पाकळ्यांच्या कडा करपतात. ज्यांच्या बोअरला फ्लोराइड आहे त्यांनी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं. गुलाबाने मान टाकली तर ट्यूलिपचाच उपाय. झेंडू फुलदाणीत ठेवायचाच तर एक दिवसासाठी, त्याचं पाणी सगळ्यांत लवकर घाण होतं. तो तोरणातच बरा.

मांडणीबद्दल आम्ही काय सांगणार? पण नवशिक्यांना एक-दोन गोष्टी उपयोगी पडतील. भांड्याच्या उंचीच्या दीडपट उंची फुलांची, एवढं माप डोळ्यांपुढे ठेवलं की सहसा चुकत नाही. तीन, पाच असे विषम दांडे सहज बसतात. चार ठेवले की ते कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात. सगळे एका उंचीचे कापू नयेत. आणि मोठ्या तोंडाच्या भांड्यात फुलं एका बाजूला लोळतात, त्यावर आमच्या घरचा उपाय असा : खराट्याच्या काड्या आडव्या-उभ्या लावून, दोऱ्याने बांधून जाळी करायची आणि ती भांड्याच्या तोंडावर ठेवायची, पाण्याला न लागेल अशी. प्रत्येक घरात एक दांडा. बाजारात हिरवा स्पंज मिळतो, तो आम्ही आणत नाही. तो प्लॅस्टिकच, कुजत नाही, आणि त्याचा भुगा गटारात जातो.

खरी मांडणी पाहायची तर भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस आपल्या शेजारणी बतुकम्मा रचतात ती पाहावी. पितळी ताटात गुनुगु, म्हणजे आपला कुरडू, आणि तंगेडू, म्हणजे आपला तरवड, यांचे गोल थर चढवतात. देठ आत, फुलं बाहेर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा लहान. आतल्या देठांचाच एकमेकांना आधार होतो, पाणी नाही, स्पंज नाही, तार नाही. तंगेडू तर तेलंगणाचं राज्यफूल. आपल्या घरच्या बायका भोंडल्याचा फेर धरून मोठ्या झाल्या, इथे आल्यावर बतुकम्माच्या फेरातही मिसळल्या. आमच्या सौ. दांडे एकमेकांत अडकवून उभे करायचं तिथेच शिकल्या.

फुलदाणी ठेवायची कुठे? पंख्याखाली नाही, टीव्ही-फ्रिजवर नाही, थेट उन्हात नाही. पिकत घातलेल्या केळी-आंब्यांजवळ तर नाहीच. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्याने फळं पिकतात तशी फुलंही लवकर म्हातारी होतात. कार्नेशनसारख्या फुलांना तो फार बाधतो. अगरबत्तीच्या धुरातही तो असतो, म्हणून देवघरातली फुलदाणी थोडी लांब. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा आम्ही दुपारी फुलदाणी माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवतो आणि संध्याकाळी आईकडे नेतो.

शेवटची गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते, पण ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी करायला आशाताई घरी आल्या. कूलर पाहिला, गच्चीवरची टाकी पाहिली, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. आम्ही अभिमानाने आईच्या खोलीतली फुलदाणी दाखवली, रोज पाणी बदलतो म्हणून. त्या हसल्या आणि दिवाणखान्यातल्या कपाटावरची मनीप्लांटची बाटली उतरवून उजेडात धरली. आत बारीक अळ्या वळवळत होत्या. त्या बाटलीत आम्ही महिनोन्महिने नुसतं वरून पाणी ओतत होतो. आईचा पलंग तिथून दहा पावलांवर. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत दोघांना ताप होता. ८८ वर्षांच्या, हलता न येणाऱ्या माणसाला डेंग्यू म्हणजे काय, हे डॉक्टरांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी ओतून दिल्याने भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेजवळ, भांड्याच्या आतल्या कडेला. ती तिथे चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून फुलदाणी असो, मनीप्लांट असो की बांबूची ती शुभ म्हणून ठेवतात ती वाटी, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, आतून ब्रशने खसाखसा घासून, उन्हात कोरडी करायची. आमच्याकडे त्याला शुक्रवार ठरला आहे. मनीप्लांट आम्ही आता मातीच्या कुंडीत लावला.

शुक्रवारी फुलदाणी उन्हात असते तेव्हा आई एक छडी हातात धरून बसते. तास-दीड तासात परत मागते.

वाफ्यात या वर्षी कंद फार झाले आहेत. थंडी संपता संपता पानं पिवळी पडली की आम्ही ते उकरून सावलीत वाळवतो आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा लावतो. ज्या सभासदांना हवे असतील त्यांनी मार्चअखेर घरी येऊन न्यावेत. सुपारीपेक्षा मोठे असतील ते वेगळे काढून ठेवू, ते त्याच पावसाळ्यात फुलतात. बारीक कंदांना एक वर्ष थांबावं लागतं. येताना पिशवी कापडी आणावी, प्लॅस्टिकमध्ये कंद सडतात. आणि पाच मिनिटं आईजवळ बसावं. कंद कुणाकडे गेले याचा हिशेब ती ठेवते.